पार्टिकल फिजिक्स शिकायचं तर पहिलं पुस्तक पार्टिकल फिजिक्सचं घेऊ नका

"सर, पार्टिकल फिजिक्ससाठी एखादं बेसिक पुस्तक सांगा ना" असा मेसेज मला कोणाचा ना कोणाचा येतच राहते. पार्टिकल फिजिक्स म्हणजे अणूच्या आतल्या बारीक कणांचं शास्त्र. बहुतेक बीएस्सीचे पोट्टे-पोट्टी असतात, माझ्याकडे बारावीला ट्यूशनला होते ते, आणि एक माझा शाळेतला दोस्त आहे ज्याचा फिजिक्सशी संबंध बारावीतच संपला पण रानडुकरांसाठी रातच्या जागलीवर बसला की तो मोबाईलवर हिग्ज बोसॉन नावाच्या कणाचे व्हिडिओ पाहत असते. सगळ्यांना वेगवेगळं टाइप करून करून कंटाळा आला म्हणून एकदाचं इथं लिहून टाकतो.

मी कोण ते आधी सांगतो म्हणजे गैरसमज नको. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातला माणूस, एमएस्सी फिजिक्स, तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीचे क्लास घेतो, घरी कापूस अन् तूर. संशोधन वगैरे काही केलेलं नाही. पण ह्या विषयाची पुस्तकं जमवायचा आणि पेन्सिल घेऊन बसायचा नाद आहे, आणि कोणतं पुस्तक कुठं माणसाला आपटते हे आता बऱ्यापैकी कळते.

तर विचारणाऱ्याला मी पहिले एकच विचारतो, तुले वाचायचं हाय का करायचं हाय? ह्या दोन गोष्टींची पुस्तकं पूर्ण वेगळी आहेत आणि मधे फार मोठी खिंड आहे. वाचायचं म्हणजे क्वार्क काय, न्यूट्रिनो काय, सर्नला, म्हणजे युरोपातल्या त्या मोठ्या प्रयोगशाळेत, २७ किलोमीटरच्या बोगद्यात नेमकं काय चालते, हे समजून घ्यायचं. करायचं म्हणजे अमुक कण तमुक कणावर आदळला तर काय होईल हे स्वतः कागदावर काढायचं. वाचणारा माणूस करायच्या पुस्तकात गेला की दहाव्या पानावर बंद करते आणि आपल्यालाच डोकं नाही असं समजून घेते. करणारा वाचायच्याच पुस्तकात अडकला तर त्याचं उलटं होते, त्याला सगळं येते असं वाटते आणि साधं गणित टाकलं की फें फें उडते.

माझा जागलीवाला दोस्त वाचणारा. त्याला मी सांगितलं फाइनमनचं 'क्यूईडी' घे. १९८५ चं पुस्तक आहे, मुळात चार व्याख्यानं आहेत, सामान्य लोकांसमोर दिलेली. फॉर्म्युले नाहीतच म्हणा ना, कागदावर बारीक बारीक बाण काढायचे, ते फिरवायचे, एकाला एक जोडायचे आणि शेवटच्या बाणाच्या लांबीचा वर्ग करायचा, एवढ्यावर तो माणूस आरशावरून प्रकाश कसा परततो इथपासून इलेक्ट्रॉन अन् फोटॉनच्या देवाणघेवाणीपर्यंत नेऊन सोडते. सोपं करून सांगताना खोटं सांगत नाही, हे मला त्या पुस्तकाचं सगळ्यात आवडते. पॉप्युलर सायन्सच्या बाकी बऱ्याच पुस्तकांत उपमाच इतक्या असतात की शेवटी उपमाच लक्षात राहतात, फिजिक्स गायब. क्वार्क वगैरे मंडळी मात्र ह्याच्यात शेवटच्या व्याख्यानात घाईघाईनं येऊन जातात, म्हणून सोबत फ्रँक क्लोजचं 'पार्टिकल फिजिक्स : अ व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन' घ्यावं. खिशात मावेल एवढं, आणि त्याच्यात कण टिपणारे डिटेक्टर कसे काम करतात, कण पळवणारे ॲक्सिलरेटर कशाला लागतात हे पण आहे, जे बाकीचे लोक विसरूनच जातात.

दोस्ताचा एक प्रश्न होता तो मला अजून आवडते. म्हणे, "पण हे कण सगळे त्या मशीनमधेच बनवा लागतात का? आपल्याकडं काईच नाई का?" मी म्हटलं हात पसर बापा. वरून, आकाशातून, कॉस्मिक किरणांपासून बनलेले म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊ, चोवीस तास पडून राहिले आपल्यावर, जमिनीवर साधारण दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला एक जाते, म्हणजे तुह्या पसरलेल्या हातातून मिनिटाला शंभरेक गेले असतील, अन् तू बसला डुक्कर येते का पाहत. तो हाताकडं पाहून राहिला बराच वेळ. मग म्हणे, "काहीच कसं वाटत नाई बे?"

ह्या म्युऑनचीच गोष्ट पुढं नेतो, कारण 'करणाऱ्यां'साठी माझं सगळं म्हणणं ह्याच्यातच आहे. म्युऑन जगते सरासरी २.२ मायक्रोसेकंद. तयार होते वातावरणात वर, पंधरा किलोमीटरच्या आसपास. आता प्रकाशाच्या वेगानं जरी पळाला तरी २.२ मायक्रोसेकंदात जाईल किती, तर साडेसहाशे-सातशे मीटर. मग खाली पोचते कसा? आइनस्टाइनच्या स्पेशल रिलेटिव्हिटीमुळं. त्याचं घड्याळ आपल्या दृष्टीनं हळू चालते. म्हणजे विषयातला सगळ्यात घरगुती, अगदी डोक्यावर पडणारा कण समजून घ्यायला सुद्धा आधी रिलेटिव्हिटी लागते. आणि तो मरते कसा, इलेक्ट्रॉन अन् दोन न्यूट्रिनो मागं टाकून, किती वेळात, त्याच्यासाठी क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे बारीक कणांचं गणित, लागते. ह्या दोन गोष्टी हातात नसताना पार्टिकल फिजिक्सचं कितीही 'सोपं' पुस्तक घेतलं तरी ते कुलूप लावलेलंच राहते. म्हणून म्हणतो, पहिलं पुस्तक पार्टिकल फिजिक्सचं घेऊच नका.

मागं एक माझी जुनी विद्यार्थिनी आली होती, बीएस्सी फायनलला. कुठंतरी नेटवर कोणत्यातरी यादीत एक नंबरला होतं म्हणून पेस्किन-श्रोडरचं पुस्तक झेरॉक्स करून घेऊन आली, स्पायरल बाइंडिंग दोन भागात, कारण आठशेच्या वर पानं आहेत त्याला. "सर, नावात तर इंट्रोडक्शन लिहून हाय, अन् मी पहिल्याच धड्यात अडकली." अगं बाई, ते क्वांटम फील्ड थिअरीचं इंट्रोडक्शन आहे, १९९५ चं, एमएस्सी झाल्यावर पीएचडीला लागलेल्या लोकांसाठी लिहिलेलं. पुस्तक उत्तमच आहे, त्याच्यात वाद नाही. पण इंट्रोडक्शन हे नाव ह्या विषयात कोणीही देते, क्लोजच्या खिशातल्या पुस्तकाला पण तेच नाव अन् ह्या धोंड्याला पण तेच. कव्हर पाहून काही ठरवू नका. प्रस्तावना वाचा, तिथं लेखक साफ लिहिते की वाचकाला आधी काय काय आलं पाहिजे, आणि लेखक ह्या बाबतीत सहसा कमीच सांगते, म्हणजे तो 'थोडी ओळख असावी' म्हणाला की तुम्ही 'पूर्ण सेमिस्टर झालेलं असावं' असं समजा.

तिला मी वही काढायला लावली आणि एक गणित दिलं. हे गणित मी सगळ्यांनाच देतो, तुम्ही पण करून पाहा, ह्याच्यावरून कळते की तुम्ही पार्टिकलचं पुस्तक घ्यायला तयार आहे की नाही.

एक प्रोटॉन स्थिर आहे. दुसरा येऊन त्याच्यावर आदळते. आदळून एक नवा प्रोटॉन अन् एक अँटिप्रोटॉन (उलट्या चार्जचा प्रोटॉन) बनवायचा आहे, म्हणजे आधीचे दोन धरून शेवटी चार कण, चौघांचं वस्तुमान सारखंच. तर येणाऱ्या प्रोटॉनला कमीत कमी किती ऊर्जा द्यावी लागेल?

सगळ्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं. दोन नवे कण बनवायचे, तर दोन कणांच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा. तिनं पण तेच लिहिलं, अन् ते चुकते. कारण येणाऱ्याजवळ मोमेंटम (संवेग) आहे, ते आदळल्यावर कुठं जाईल? सगळे कण आदळल्यावर जागीच थांबू शकत नाहीत, त्यांना पुढं पळावंच लागते, आणि पळण्यात ऊर्जा जाते.

आता पाहा. प्रकाशाचा वेग १ धरून टाकू, म्हणजे ऊर्जा, मोमेंटम, वस्तुमान सगळं एकाच मापात येते. येणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा ई, मोमेंटम पी, वस्तुमान एम. एकूण ऊर्जा झाली ई अधिक एम, एकूण मोमेंटम पी. ऊर्जेचा वर्ग वजा मोमेंटमचा वर्ग, हा आकडा कोणीही कुठूनही पाहिला तरी तोच राहते, हेच रिलेटिव्हिटीचं सगळ्यात कामाचं हत्यार आहे. तो काढला की ई वर्ग वजा पी वर्ग म्हणजे एम वर्ग, म्हणून सगळं मिळून येते २ एम वर्ग अधिक २ ई एम. आता आदळल्यानंतरचं त्याच्या नजरेतून पाहा जो ह्या चौघांसोबत पळून राहिला आहे. कमीत कमी ऊर्जेत चौघंही त्याला स्थिर दिसतील, म्हणजे ऊर्जा ४ एम, मोमेंटम शून्य, आकडा १६ एम वर्ग. दोन्ही सारखे ठेवले की ई बरोबर ७ एम. त्यातलं एक एम त्याचं स्वतःचं. म्हणजे वरून द्यायची ऊर्जा ६ एम! प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे कणांच्या ऊर्जेचं माप, हजार मेगाचा एक गिगा), सहा पट केलं की ५.६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर.

अमेरिकेत बर्कलेला बेव्हाट्रॉन नावाचं कण पळवायचं मशीन होतं, त्याची ताकद सहा गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडी वर ठेवली होती ती काही हवेत नव्हती, आणि १९५५ मधे तिथं अँटिप्रोटॉन सापडला, १९५९ ला सेग्रे आणि चेंबरलेनला नोबेल. वहीच्या अर्ध्या पानात एवढ्या मोठ्या मशीनचा आकार का तेवढा होता हे निघते. ती पोरगी म्हणाली, "सर, एवढंच?" एवढंच. आणि हेही कळते की लोक नंतर दोन्ही बाजूनं कण आणून समोरासमोर का आदळवायला लागले, कारण तसं केलं की एकूण मोमेंटम शून्य अन् सगळी ऊर्जा कामाला येते.

हे गणित वाचून तुम्हाला मजा आली पण स्वतः सुरू कुठून करावं हे कळलं नसलं, तर तुमचं पहिलं पुस्तक एच. सी. वर्मांचं. हो, तेच 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स', दुसरा भाग, जे घरी नाहीतर चुलत भावाच्या कपाटात पडलेलं असते. त्याचा अगदी शेवटचा धडा स्पेशल रिलेटिव्हिटीचा आहे आणि तो कोणी उघडत नाही कारण परीक्षेला नसते. सोबत न्यूक्लियसचा धडा. त्याच्यानंतर आर्थर बायझरचं 'कन्सेप्ट्स ऑफ मॉडर्न फिजिक्स', बीएस्सीच्या कॉलेजच्या लायब्ररीत जुनी कॉपी सापडूनच जाते, धूळ झटकून घ्यायची. आणि मग क्वांटमसाठी ग्रिफिथ्सचं क्वांटम मेकॅनिक्स. पूर्ण नाही केलं तरी चालेल पण अँग्युलर मोमेंटम अन् स्पिन (कणाचा अंगचाच अँग्युलर मोमेंटम) येईपर्यंत सोडू नका. स्पिन अर्धा म्हणजे काय, दोन स्पिन कसे जोडतात, हे हातात बसलं नसलं तर क्वार्क जोडून प्रोटॉन बनवताना काय चाललं ते कळणारच नाही, नुसतं वर-खाली बाण दिसतील.

ह्याला किती दिवस लागतील असं विचारतात. कापसाची वेचणी चालू असली की घरी कोणाचाच अभ्यास होत नाही हे मला माहीत आहे, बीएस्सीच्या पोट्टीला पण शेतात जावंच लागते, तर दिवस मोजू नका. गणितं मोजा. धडा संपला म्हणजे धड्याखालची गणितं संपली, बाकी काही नाही.

आता खरं पार्टिकल फिजिक्सचं पुस्तक. इथं माझं मत एकदम पक्कं आहे, डेव्हिड ग्रिफिथ्सचं 'इंट्रोडक्शन टू एलिमेंटरी पार्टिकल्स'. पहिली आवृत्ती १९८७, दुसरी २००८. त्याचा पहिला धडा नुसता इतिहास आहे, १८९७ मधे थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला तिथून सुरू, मग १९३२ चा न्यूट्रॉन अन् पॉझिट्रॉन (उलट्या चार्जचा इलेक्ट्रॉन), मग तो म्युऑन ज्याची कोणालाच गरज नव्हती, मग कणांचा जो काय पूर आला, मग १९६४ मधे क्वार्कची कल्पना, मग १९७४ चा नोव्हेंबर जेव्हा अमेरिकेत ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्ड दोन्हीकडं एकच नवा कण सापडला आणि क्वार्क नुसते कागदावरचे आहेत म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. हा धडा बारावीचं पोट्टं पण वाचू शकते, तेवढा तर आजच वाचा. तिसऱ्या धड्यात मी वर केलं तसली गणितं आहेत, पोटभर. आणि सहाव्यात तो एक गंमत करते, ए, बी, सी नावाचे तीन खोटे कण घेते, स्पिन नाही, काही भानगड नाही, आणि त्याच्यावर फाइनमन डायग्राममधून, म्हणजे कणांच्या टकरीच्या रेघांच्या चित्रांतून, आकडा कसा काढायचा ते शिकवते. खऱ्या इलेक्ट्रॉनवर जायच्या आधी हात साफ करायला. मला वाटते हे एक कारण पुरे आहे ते पुस्तक घ्यायला, कारण बाकीचे लेखक सरळ खऱ्या कणांच्या गणितात ढकलून देतात आणि स्पिनचे मॅट्रिक्स आणि डायग्रामचे नियम दोन्ही एकाच वेळी अंगावर येतात.

अजून एक, तो बाकीच्यांसारखा प्रकाशाचा वेग आणि प्लँकचा स्थिरांक १ धरून गायब करत नाही, लिहून ठेवते. बाकी पुस्तकांत पहिल्या-दुसऱ्याच पानावर हे दोघं गायब होतात आणि मग वस्तुमान ऊर्जेच्या मापात, लांबी ऊर्जेच्या उलट्या मापात, आपले पोट्टे तिथंच गांगरतात. एक आकडा पाठ करून टाका, १९७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट-फर्मी (फर्मी म्हणजे न्यूक्लियसएवढ्या लांबीचं माप). त्याला कणाच्या वस्तुमानानं भागलं की लांबी मिळते. पायॉन नावाच्या कणाचं वस्तुमान १४० च्या जवळ, भागा, १.४ फर्मी आलं, म्हणजे न्यूक्लियसमधल्या बळाची पोच. जपानच्या युकावानं हीच गोष्ट उलटी केली होती, पोच माहीत होती, वस्तुमान काढलं, आणि १९४७ मधे तो कण सापडला. एवढं जमलं की मग कोणतंही पुस्तक माप गायब करो, घाबरायचं काम नाही.

ग्रिफिथ्समधे कमी काय, तर दोन गोष्टी. प्रयोग कसे करतात ते फार थोडं आहे. आणि २००८ ची आवृत्ती म्हटल्यावर हिग्ज सापडायच्या आधीची, हिग्ज सापडल्याचं सर्ननं सांगितलं ४ जुलै २०१२ ला, वस्तुमान १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. ह्या दोन्हींसाठी मार्क थॉमसनचं 'मॉडर्न पार्टिकल फिजिक्स', २०१३ चं. हिग्ज त्याच्यात आहे, डिटेक्टर आहेत, न्यूट्रिनोंचं ऑसिलेशन (एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणं) नीट आहे, आणि दुसऱ्या धड्यात मापं, रिलेटिव्हिटी अन् क्वांटमची उजळणी करून देते. गणित करायची पद्धत पण वेगळी, इलेक्ट्रॉनचे स्पिनर, म्हणजे स्पिन धरून मांडलेले आकडे, सरळ लिहून काढून उत्तर काढते, त्यामुळं काय चाललं ते डोळ्याला दिसते, ट्रेसची (मॅट्रिक्सच्या एका शॉर्टकटची) जादू नंतर. हाच माणूस पुढं सर्नचा डायरेक्टर जनरल म्हणून निवडला गेला, तर प्रयोगवाल्याच्या हातचं पुस्तक आहे हे जाणवते. दोन्हींतलं एकच परवडत असलं तर? स्वतःच्या बळावर, कोणी विचारायला नाही, अशा पोट्ट्यानं ग्रिफिथ्स घ्यावं. ज्याचं क्वांटम पक्कं आहे आणि पुढं ह्याच्यातच जायचं आहे त्यानं थॉमसन.

हाल्झेन-मार्टिनचं 'क्वार्क्स अँड लेप्टॉन्स' आमच्या वेळच्या सरांचं लाडकं होतं, अजूनही बरेच जण तेच सांगतात. १९८४ चं आहे. डब्ल्यू आणि झेड कण १९८३ ला सापडले, म्हणजे पुस्तक तेव्हा एकदम गरम होतं. टॉप क्वार्क १९९५ ला सापडला, तो त्याच्यात कुठून असणार. त्यातली गणितं आजही खरी आहेत, क्यूसीडी, म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बळाचा सिद्धांत, समजावून सांगायची पद्धत छान आहे, पण एकट्यानं वाचायला कोरडं जाते. दुसरं पुस्तक म्हणून ठेवा.

हे सालाचं मी एवढं काऊन सांगून राहिलो, तर आतलं दुसरं पान, जिथं आवृत्तीचं साल छापलेलं असते, ते ह्या विषयात पाहिलंच पाहिजे. मेकॅनिक्सचं पुस्तक पन्नास वर्षं जुनं असलं तरी काही बिघडत नाही. इथं बिघडते. आमच्याकडं परीक्षेच्या गाईड मिळतात, नाव घेत नाही, त्यातल्या एकात शेवटच्या युनिटमधे टॉप क्वार्कसमोर 'अद्याप आढळलेला नाही' असं छापलेलं मी स्वतः पाहिलं, आणि कव्हरवर 'नवीन सुधारित आवृत्ती'. न्यूट्रिनोला वस्तुमान नाही हे तर कितीतरी ठिकाणी अजून ठोकून लिहिलेलं असते, १९९८ मधे जपानच्या सुपर-कामिओकांडेनं ऑसिलेशन दाखवलं, जे वस्तुमान असल्याशिवाय होत नाही, तेव्हापासून ते म्हणणं गेलं. पोट्टे तेच पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क पण मिळतात! अन् ह्या गाईडांत असते काय, तर कणांचा तक्ता. नाव, चार्ज, स्पिन, स्ट्रेंजनेस, रकाने भरलेले. नुसता तक्ता पाठ करून हा विषय समजणं म्हणजे मतदार यादी वाचून गावातली भांडणं समजून घेणं आहे. तक्ता बनला कशावरून, स्ट्रेंजनेस नावाची भानगड कोणाला कशासाठी सुचली, म्हणजे काही कण झटक्यात बनतात पण मरायला फार वेळ लावतात हे कोडं कसं सुटलं, ते त्याच्यात कुठंच नाही.

आणि एक माझी जुनी खदखद. आपल्या देशातलं काम ह्या गाईडांत एक ओळ सुद्धा नसते. भाभांच्या नावाचं स्कॅटरिंग (आदळून विखुरणं) आहे, इलेक्ट्रॉन अन् पॉझिट्रॉनचं, ते ग्रिफिथ्समधे गणित म्हणून तुमच्यासमोर येईलच, तेव्हा ओळखा की हे आपलेच होमी भाभा. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरच्या वर खोल, १९६५ मधे मुंबईच्या टीआयएफआर संस्थेच्या लोकांनी जपानी अन् इंग्लिश लोकांसोबत वातावरणातले न्यूट्रिनो पकडले, जगात पहिल्यांदा ज्यांना दिसले त्यांच्यात ते होते. विभा चौधरी आणि डी. एम. बोस ह्यांनी दार्जिलिंगला फोटोग्राफिक प्लेटा ठेवून कॉस्मिक किरणांतले इलेक्ट्रॉन अन् प्रोटॉनच्या मधल्या वजनाचे कण शोधायचं काम इंग्लंडच्या पॉवेलच्या आधी केलं होतं, युद्धाच्या दिवसांत चांगल्या प्लेटा मिळाल्या नाहीत आणि नोबेल १९५० ला पॉवेलला गेलं. हे सगळं शिकवलं तर काय बिघडते?

इंग्रजीचा प्रश्न राहतेच. मराठी मीडियमच्या पोट्ट्यांना वाटते की पुस्तक इंग्रजीत म्हणून समजत नाही. माझा अनुभव असा की ग्रिफिथ्ससारखं पुस्तक बोलल्यासारखं लिहिलेलं असते, आणि तेच तेच शब्द परत येतात, एका धड्यानंतर डिक्शनरी लागत नाही. अडते ते रिलेटिव्हिटीवर अन् दोष जाते इंग्रजीला. सुरुवातीची मराठी ओळख हवी असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाईन फुकट आहे, भौतिकीच्या नोंदी वाचून घ्या, भाषा जरा जड आहे पण माणूस बसला की जमते.

पैशाचं म्हणाल तर, परदेशी आवृत्तीच्या किमती पाहून घाबरू नका, ग्रिफिथ्सची भारतीय पेपरबॅक मिळते, तेच घ्यायचं. नागपूरला गेलात तर बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारून पाहा, इंजिनिअरिंग अन् यूपीएससीच्या ढिगाखाली कधीकधी निघते, पण साल पाहून घ्या, १९८७ वालं निघालं तर अर्ध्या किमतीच्या वर देऊ नका. ऑनलाईन मागवायचं तर गावच्या पिनकोडवर बरेचदा डिलिव्हरी दाखवत नाही, तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता टाका अन् बाजाराच्या दिवशी उचलून आणा.

आणि अगदीच खिसा रिकामा असला, पऱ्हाटी विकायची आहे अजून, तर फुकटात, कायदेशीर फुकटात, इतकं चांगलं आहे की लाज वाटावी. केंब्रिजच्या डेव्हिड टाँगच्या नोट्स, सर्नला उन्हाळ्यात येणाऱ्या पोरांसाठी त्यानं पार्टिकल फिजिक्सवर लेक्चर दिले त्याच्या, त्याच्याच वेबसाईटवर आहेत. गणित हलकं ठेवलं आहे, पण मामला खरा आहे, म्हणजे वाचणारा अन् करणारा ह्यांच्या मधल्या खिंडीवर जर कुठं पूल असेल तर हाच. माझ्या जागलीवाल्याला मी आता ह्याच दिल्या, फाइनमन झाल्यावर. दुसरं, पार्टिकल डेटा ग्रुपची वेबसाईट. दर दोन वर्षांनी ते जगातल्या सगळ्या कणांची मोजमापं एकत्र करून छापतात, आणि सगळं उघडं आहे. पुस्तकातला कोणताही आकडा शंकेचा वाटला की तिथं जाऊन पाहायचा. न्यूट्रॉन बाहेर एकटा किती जगते ते शोधून पाहा, ८८० सेकंदांच्या आसपास दिसेल, आणि त्याच्यासमोर किती चूकभूल लिहिली आहे ते पण पाहा, आणि वेगवेगळ्या पद्धतीनं मोजलं की आकडा जुळत नाही ही भानगड अजून मिटलेली नाही हे पण तिथं कळेल. एवढा साधा कण अन् त्याचं आयुष्य अजून पक्कं नाही, हे कोणत्याही गाईडमधे लिहून नसते.

नोट्स मोबाईलवर वाचू नका. रात्रीची लाईन असली की मोटर चालू करायला उठाच लागते तेव्हा मोबाईल बरा वाटते, पण त्याच्यावर गणित होत नाही, बोट खालीच सरकत राहते. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा, दोन्ही बाजूनं सांगायचं, नाहीतर तो एकाच बाजूनं काढते अन् बिल दुप्पट करते, अन् समास मोठा ठेवायला सांगा, तिथं पेन्सिलीनं लिहायचं असते.

ती पेस्किनवाली पोरगी आता ग्रिफिथ्सच्या सहाव्या धड्यात आहे, ए-बी-सी मधे. परवा तिचा फोटो आला वहीच्या पानाचा, ए कण मोडून बी अन् सी बनतात त्याचं आयुष्य काढलं होतं, आणि खाली प्रश्न होता की उत्तराचं माप सेकंदात येऊन नाही राहिलं. मी पाहिलं तर कपलिंगचं, म्हणजे कणांच्या जोडणीच्या ताकदीच्या आकड्याचं, माप तिनं धरलंच नव्हतं. ते तिला सांगितलं, अन् पेस्किनच्या त्या दोन स्पायरलवर सध्या तांदळाचा डबा ठेवला असं तिची आई सांगत होती, राहू द्या म्हटलं, दोन वर्षांनी लागेल.